दोर वळणारा तरुण आणि त्याची मंडळी



आमच्या खेड्यांतील मंडळ्यांपुढे एक प्रश्न उभा आहे. वरवर पाहता तो धंद्याचा दिसतो, परंतु मुळात तो सदसद्विवेकाचा आहे, म्हणून त्याचा विचार येथे करणे आम्हांस उचित वाटते. दहावी-बारावीपर्यंत शिकलेला एखादा तरुण असतो. त्यास नोकरी मिळालेली नसते, आणि पुण्या-मुंबईस जाऊन परक्याच्या इमारतीवर विटा वाहण्याचे त्याच्या मनात नसते. तो म्हणतो की, मी आजाच्या हातचे काम पुन्हा हाती घेईन. वाख आणीन, दोर, कासरे व दावी वळीन, शिंदीच्या केरसुण्या बांधीन, आणि बाजाराच्या दिवशी अंबडास, भोकरदनास किंवा परतुरास नेऊन विकीन. हे ऐकताच घरची वडील माणसे खिन्न होतात. ती म्हणतात, "बाबा, ज्या कामावरून गावाने आपल्याला वेशीबाहेर बसविले, ते काम सुटावे म्हणून तुझ्या आजाने किती सोसले! आणि तू तेच पुन्हा अंगावर घेतोस?"

हा तरुण मागे फिरत आहे की पुढे जात आहे? या प्रश्नाचे उत्तर घाईने देऊ नये. जे वडील दुःखी होतात ते अज्ञानी नाहीत, आणि जो तरुण धंदा काढू पाहतो तोही अविचारी नाही.

जालना जिल्ह्यातील ख्रिस्ती लोकांच्या इतिहासातच या प्रश्नाचे मूळ आहे. रेव्हरंड नारायण शेषाद्री यांचा बाप्तिस्मा १८४३ साली मुंबईस झाला. पुढे ते स्कॉटलंडच्या फ्री चर्चच्या सेवेत राहून जालन्यास आले, आणि निजामाचे दिवाण सर सालारजंग यांजकडून मिळालेल्या जमिनीवर त्यांनी जालन्यानजीक बेथेल नावाचे ख्रिस्ती गाव वसविले. ते स्वतः ब्राह्मण कुळात जन्मलेले होते. परंतु त्यांच्या उपदेशाने जे प्रभूकडे आले त्यांत मातंग समाजाचे लोक पुष्कळ होते. १८९१ साली ते निवर्तले. केवळ प्रार्थनामंदिर न बांधता गाव का वसवावे, असे कोणी विचारील, तर त्याचे उत्तर त्या काळच्या खेड्याच्या रचनेत सापडते. ज्याचे पोट गावाच्या मर्जीवर चालते, त्याचे गुडघेही गावाच्या मर्जीने वाकतात. पायाखाली स्वतःची जमीन असली म्हणजे मनुष्यास ताठ उभे राहता येते.

आता ती जुनी रचना कशी होती ते नीट पाहिले पाहिजे. बलुत्याच्या पद्धतीत मातंगाने शेतकऱ्यास वर्षभर दोरखंड पुरवावे. मोटेचा जाड नाडा, पातळ सोंदूर, बैलाचा कासरा, गुरांचे दावे, हे सर्व त्याच्याच हातचे. सुगीच्या वेळी खळ्यावर जाऊन त्याने धान्य मागावे, आणि जे पदरात पडेल ते घेऊन घरी यावे. दोराची किंमत ठरलेली नसे. पीक बुडाले तर बलुतेही बुडे. मात्र दोर दिलाच पाहिजे. काम नको म्हणण्याचा अधिकार त्यास नव्हता, आणि मुलास दुसरे काम शिकवावे म्हटले तर वाट नव्हती. वाख काढण्यास, भिजविण्यास, कुटण्यास व तीन पेड एकत्र वळण्यास जी बुद्धी व जे कसब लागते, त्यास कोणी विद्या म्हटले नाही. उलट त्या कसबावरूनच त्या मनुष्यास हीन ठरविले.

तेव्हा लज्जास्पद काय होते? दोर वळणे खचित नव्हे. ज्या दोराने मोट ओढली जाते व रान भिजते, तो वळणारा हात हीन कसा असेल? लज्जास्पद होती ती सक्ती, आणि ती लाज सक्ती करणाऱ्याची होती, सोसणाऱ्याची नव्हे. आपल्या वडिलांनी जे टाकले ते हे जोखड होय, आणि ते टाकले हे योग्यच केले. १९५० साली अमलात आलेल्या भारताच्या राज्यघटनेनेही आपल्या २३ व्या कलमाने बिगारीस मनाई केली आहे.

तथापि येथे एक सावधगिरी राखली पाहिजे. श्रमाची प्रतिष्ठा सांगणारे लोक पुष्कळ असतात. परंतु ती बहुधा त्यांस सांगितली जाते ज्यांस श्रमावाचून दुसरे काही मिळालेच नाही. ज्याच्या बापजाद्यांनी कधी वाख कुटला नाही, त्याने मातंगाच्या मुलास दोर वळण्याचे महत्त्व पटवून देऊ नये. एखाद्या तरुणास हा धंदा नको असेल, तर त्याच्या ठायी नम्रता नाही असे कोणत्याही पाळकाने किंवा प्रचारकाने म्हणू नये. त्याने शिक्षक व्हावे, वीजतंत्री व्हावे, औषधांचे दुकान घालावे. वाडवडिलांच्या कामाचे ऋण त्याच्या माथी नाही. आणि ज्यास धंदा करावयाचा आहे त्यानेही हे जाणून असावे की, खेड्यातील काही लोक त्याच्या हातातील दोर पाहून त्यास जुन्याच नावाने हाक मारतील. हे दुःख लहान नाही, आणि ते नाही असे म्हणणारा सत्य बोलत नाही.

मग बंधन कोणते आणि व्यवसाय कोणता, हे ओळखावे कसे? आमच्या मते तीन प्रश्न पुरेसे आहेत. काम नको म्हणण्याची त्या तरुणास मोकळीक आहे काय? आपल्या मालाची किंमत तो स्वतः सांगू शकतो काय? आणि उद्या हा धंदा सोडून दुसरा धरावयाचा झाल्यास त्यास कोणी अडवील काय? पहिल्या दोहोंचे उत्तर होय आणि तिसऱ्याचे नाही असे असेल, तर तो आजाच्या जोखडाखाली परत गेलेला नाही. आजाचे कसब त्याने घेतले, आणि जोखड टाकून दिले. परंतु गावचा पाटील किंवा सावकार त्याच्याकडून फुकट दोर नेत असेल आणि तो भीतीने गप्प राहत असेल, तर त्याने कितीही सुंदर फलक लावला तरी ते बलुतेच होय.

पवित्र शास्त्र हातच्या कामाविषयी काय शिकविते हे आपणांस ठाऊक आहे. निर्गमाच्या पुस्तकात बसालेलाची गोष्ट आहे. देवाने त्यास आपल्या आत्म्याने भरले ते सोने, लाकूड व पाषाण यांवरील कारागिरीसाठी. आपल्या प्रभूस नासरेथचे लोक सुतार म्हणून ओळखत. प्रेषित पौल करिंथात अक्विल्ला व प्रिस्किल्ला यांच्या घरी राहून तंबू करीत असे, आणि थेस्सलनीकाच्या मंडळीस त्याने आठवण दिली की, कोणावर भार पडू नये म्हणून आपण रात्रंदिवस कष्ट केले. विल्यम केरी, जे १७९३ साली बंगालात आले आणि ज्यांनी सिरामपुराहून १८०५ साली मराठी भाषेचे व्याकरण प्रसिद्ध केले, ते पूर्वी जोडे शिवण्याचे काम करीत. आपल्या देशात ज्या कामास अतिशय नीच लेखिले गेले, त्याच कामातून आलेल्या मनुष्याने आपल्या भाषेचे व्याकरण लिहिले, हे आपल्या मुलांस सांगण्याजोगे आहे.

असे असूनही आपल्या मंडळ्यांत नोकरीचा मान मोठा आणि धंद्याचा लहान, अशी समजूत का झाली? मिशनने शाळा काढल्या, दवाखाने काढले, आणि त्यांत आपल्या लोकांस शिक्षक, परिचारिका व प्रचारक म्हणून कामे मिळाली. हे मोठेच उपकार झाले. परंतु दर महिन्यास ठरलेला पगार मिळतो तो मनुष्य देवाच्या अधिक जवळ, असा भाव नकळत आपल्या मनात शिरला. उद्योगही मिशनने काढले. बासल मिशनने १८६५ साली मंगळुरास कौलांचा कारखाना घातला, आणि मंगलोरी कौले पुढे आपल्या मुलखातील घरांवरही चढली. बाप्तिस्मा घेतल्यामुळे ज्यांचे घर व काम तुटले त्यांस पोटापाण्याचे साधन व्हावे, हा अशा उद्योगांचा एक हेतू होता. अहमदनगरास अमेरिकन मराठी मिशननेही उद्योगशाळा चालविली, आणि तेथील चर्चिल साहेबांनी विसाव्या शतकाच्या आरंभी सुधारलेला हातमाग तयार केला. परंतु पहिल्या महायुद्धाच्या काळात बासल मिशनचे कारखाने सरकारने ताब्यात घेतले व ते मिशनच्या हातून गेले. यावरून एक धडा घ्यावा. दुसऱ्याच्या कारखान्यात उत्तम काम करणे ही एक विद्या आहे. माल कोठून घ्यावा, किंमत काय सांगावी, उधारी किती द्यावी, ही दुसरी. पहिली आपल्या लोकांनी पुष्कळ शिकली. दुसरी शिकण्याचे दिवस आता आले आहेत.

म्हणून आता प्रत्यक्ष धंद्याकडे वळू. दोर ही अशी वस्तू आहे की, तिच्या पोटात काय आहे ते विकत घेणाऱ्यास दिसत नाही. वरच्या बाजूस चांगला वाख आणि आत कुजका भरला, तरी बाजारात दोन्ही दोर सारखेच दिसतात. भेद कळतो तो बैल उधळतो तेव्हा, किंवा विहिरीत उतरलेला मनुष्य मध्येच असतो तेव्हा. दोर ओला करून वजन वाढविता येते. हातभर कमी ठेवून पूर्ण लांबीचा म्हणून विकता येतो. उपासनेत कोण किती मोठ्याने गातो हे मंडळी ऐकते, पण आतला पेड कसा आहे हे फक्त देव आणि कारागीर जाणतो. ख्रिस्ती तरुणाची साक्ष प्रथम तेथे आहे.

दुसरी गोष्ट हिशेबाची. समजा, एका तरुणाने महिन्यात ३,००० रुपयांचा वाख व शिंदी आणली, बाजारास जाण्यायेण्यास ८०० रुपये खर्चिले, आणि माल ९,००० रुपयांस विकला. तो आनंदाने म्हणतो, "मला ५,२०० रुपये सुटले." परंतु त्याच्या आईने व पत्नीने मिळून १५ दिवस वाख पिंजला आणि केरसुण्या बांधल्या. त्या दुसऱ्याच्या शेतात गेल्या असत्या आणि दिवसाची मजुरी २०० रुपये धरली, तर ३,००० रुपये त्यांचे झाले. उरले २,२००. तरुणाने स्वतः २५ दिवस काम केले; म्हणजे त्याच्या वाट्यास दिवसाचे ८८ रुपये आले. हा धंदा त्याच्या कसबावर चालला नसून घरातील स्त्रियांच्या फुकट श्रमावर चालला आहे. पाटलाने त्याच्या आजास जे केले, तेच तो प्रेमाने, न कळत, आपल्या आईस करीत आहे. मजुरांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि ती ओरड देवाच्या कानी जाते, असे याकोबाचे पत्र सांगते. ते घरच्या मजुरांस लागू नाही असे तेथे कोठेही म्हटलेले नाही. यास्तव वहीत त्यांच्या नावाची ओळ असावी. त्याने किंमत वाढवावी लागेल, निराळा माल करावा लागेल, किंवा धंदा मोडावा लागेल. पण खरा हिशेब पाहिल्यावाचून हे कळणार नाही.

तिसरी गोष्ट भांडवलाची, आणि येथे मोह मोठा आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशान्वये अनुसूचित जातींचा दर्जा आरंभी हिंदूंपुरता ठेविला गेला. १९५६ साली तो शिखांस व १९९० साली बौद्धांस लागू झाला. ख्रिस्ती झालेल्यांस तो मिळत नाही. हा अन्याय होय असे आम्ही मानतो, आणि त्याविरुद्ध कायदेशीर मार्गाने बोलत राहणे हे मंडळीचे काम आहे. परंतु त्यामुळे कित्येक घरांत दोन नावे व दोन धर्म होतात: मंडळीच्या नोंदवहीत एक, कचेरीतील कागदावर दुसरा. अशा तरुणास खोटा म्हणून हिणविण्यापूर्वी पगारदारांनी विचार करावा की, भुकेच्या वेळी आपण काय केले असते. तरीही त्या तरुणास आम्ही प्रेमाने सांगू की, ज्या धंद्याचा पहिलाच कागद खरा नाही, त्याचा आतला पेड कुजका आहे. आणि सुदैवाने सर्वच वाटा जातीच्या दाखल्यावरून जात नाहीत. २०१५ साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेत शिशु वर्गात ५० हजार रुपयांपर्यंत कर्जाची तरतूद केली गेली. १७ सप्टेंबर २०२३ रोजी आरंभिलेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेत अठरा पारंपरिक व्यवसाय घेतले गेले, त्यांत टोपल्या, चटया व केरसुण्या करणारे आहेत. प्रथम १ लाख रुपयांपर्यंत कर्ज ५ टक्के व्याजाने, तारणावाचून, १८ महिन्यांत फेडण्याच्या बोलीवर ठेविले आहे. या दोहोंस जातीची अट नाही. मात्र कर्ज हे कर्जच. आईच्या बचत गटातून काढलेले पैसे वाखासाठी म्हणून आणावे आणि बहिणीच्या लग्नात खर्चावे, ही रीत आपल्या घरांत फार आहे, आणि तीच कित्येक धंद्यांस बुडविते.

कोणी विचारील, पोळ्याच्या सणासाठी कासरे, मोरक्या व गोंडे विकावे काय? हा प्रश्न प्रचारकांपुढे येतो, म्हणून त्याचेही उत्तर देतो. इफिसातील देमेत्रिय सोनार देवळांच्या प्रतिमा करून पैसा मिळवी, आणि आपली कमाई जाईल या भीतीने त्याने धर्माचे नाव पुढे करून दंगा माजविला. कासरा ही प्रतिमा नव्हे. बैल वर्षभर राबतो, आणि त्याच्या वेसणीस नवा दोर लागतोच. तो श्रावणात विकला म्हणून मूर्तिपूजा होत नाही. तथापि एखाद्याच्या मनास ते टोचत असेल तर त्याने विकू नये, आणि विकणाऱ्याचा न्यायही करू नये.

आता मंडळीविषयी. तरुणाने धंदा काढला म्हणजे आपण काय करतो? पहिल्या आठवड्यात पाळक प्रार्थना करतात. दुसऱ्या आठवड्यात वडील मंडळींपैकी कोणी दोन केरसुण्या नेतो आणि म्हणतो, "पैसे देऊ सावकाश, आपलाच आहेस." तिसऱ्या आठवड्यात आणखी कोणी म्हणतो, "भावाभावांत भाव कसला?" आणि सहा महिन्यांनी तो धंदा बसला म्हणजे आपण मान हलवून म्हणतो की, आपल्या लोकांत धंद्याची अक्कल नाही. बंधुजनहो, ज्या पाटलाने खळ्यावर मनास येईल तेवढे धान्य दिले, त्याच्यात आणि या उधारीत अंतर किती? बंधुप्रेमाच्या नावाने घेतलेला फुकटचा माल हे बलुतेच होय, आणि ते अधिक कडू, कारण त्याविरुद्ध बोलावे तर बंधुप्रेमच तुटते.

यास्तव दान आणि खरेदी यांची गल्लत करू नये. दान द्यावयाचे असेल तर ते झाकून द्यावे. खरेदी करावयाची असेल तर माल पारखून घ्यावा, वाईट असेल तर परत करावा, आणि चांगला असेल तर पूर्ण किंमत रोख द्यावी. दया म्हणून वाईट दोर विकत घेणाराही त्या तरुणाचा मित्र नव्हे. असे ग्राहक त्यास बाजारात टिकण्यास नालायक करून सोडतात. तसेच त्याच बाजारात दुसऱ्या धर्माचा गरीब कारागीर बसला असेल, तर त्यास उठवून आपल्या माणसास बसविणे ही प्रभूची शिकवण नव्हे. शेजारी कोण, याचे उत्तर प्रभूने शोमरोनी मनुष्याच्या दृष्टांतात दिलेले आहे.

शेवटी अपयशाविषयी बोलले पाहिजे, कारण ते संभवते. नायलॉनचा दोर स्वस्त मिळतो व पाण्याने कुजत नाही. मोटेच्या जागी पंप आले, बैलांच्या जागी ट्रॅक्टर. २०१२-१३ च्या दुष्काळात या जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा वाळल्या आणि गुरे छावण्यांत गेली. अशा वर्षी कासरा कोण घेतो? प्रामाणिक मनुष्याचा धंदाही बुडू शकतो. तेव्हा मंडळीने त्याच्या पापाचा शोध करीत बसू नये, आणि विश्वास दृढ असता तर पैसा आला असता असेही म्हणू नये. आपल्या प्रभूने असे वचन कोणास दिलेले नाही. ज्याने चांगला माल दिला, घरच्यांचे श्रम मोजले, खऱ्या नावाने कर्ज काढले व धंदा मोडल्यावर ते थोडे थोडे करून फेडले, तो मनुष्य बाजारात हरला असेल. देवापुढे हरलेला नाही. आणि त्या काळात त्याच्या चुलीवर भाकरी पडते की नाही, हे पाहणे मंडळीचे कर्तव्य आहे.

आमची विनंती एवढीच की, ज्या मंडळीत असा तरुण असेल तेथे एका रविवारी उपासनेनंतर वडील मंडळींनी त्यास आपल्यामध्ये बसवावे. ज्यास हिशेब येतो त्याने महिन्यातून एकदा त्याची वही पाहावी. ज्यास कचेरीची भाषा समजते त्याने अर्ज वाचून दाखवावा. आणि ज्यांच्याकडे उधारी थकली आहे त्यांनी ती त्याच आठवड्यात चुकती करावी. जे वृद्ध लोक दोर पाहून खिन्न होतात, त्यांजवळ त्या तरुणाने बसावे आणि त्यांनी काय सोसले ते ऐकून घ्यावे. मग त्यांच्याच हातून पेड कसा घट्ट वळावा हे शिकावे. कारण ती विद्या त्यांची आहे, आणि त्यांस तिची किंमत कधी कोणी दिली नाही. परमेश्वर आपल्या हातांचे काम स्थिर करो.